भीमथडी, पूर्णाथडी आणि पैदाशीचा घोडा

'यातली खरी गोम निराळीच आहे' असे आपण नित्य बोलतो. परंतु ह्या शब्दाचा संबंध घोड्याच्या अंगाशी आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. घोड्याच्या अंगावर केसांची जी वळणे असतात त्यांस भोवरे म्हणतात, आणि गोमेसारखा लांबट भोवरा हा ऐबांत गणला जात असे. घोडा कितीही देखणा असो, त्याच्या अंगावर गोम सापडली की जाणता गिऱ्हाईक पाठ फिरवी. पुढे घोडे गेले, पागा ओस पडल्या, आणि गोम तेवढी आपल्या भाषेत उरली. ज्या समाजाच्या रोजच्या बोलण्यात अश्वपरीक्षेची परिभाषा इतकी मुरली होती, त्या समाजात घोड्याची पारख हा केवळ श्रीमंतांचा षोक नसून राज्याच्या सामर्थ्याचा प्रश्न होता, हे उघड आहे.

ह्या पारखेत सर्वांत अवघड भाग कोणता, असे विचारले तर उत्तर एकच: शिंगरांचा बाप म्हणून कोणता घोडा ठेवावयाचा? घोडी अकरा महिने गर्भ वाहते आणि वर्षाला फार तर एक शिंगरू देते. उलट एक घोडा एका हंगामात चाळीस-पन्नास माद्यांस सहज पुरतो. म्हणून मादी निवडण्यात चूक झाली तर ती एका ठाणापुरती राहते. नर निवडण्यातली चूक साऱ्या परगण्यात पसरते. शिवाय तिचा पत्ता उशिरा लागतो. शिंगरू जन्मून, वाढून, खोगिराखाली वा शर्यतीत उतरून त्याचा कस कळेपर्यंत चार-पाच वर्षे निघून जातात, आणि तोपर्यंत त्याच बापाची शेकडो शिंगरे रानात चरत असतात. कोणत्याही प्रांताने अश्वपैदाशीची योजना हाती घेतली की तिचे यशापयश ह्या एका निवडीवर येऊन ठेपते.

आपल्याकडे ह्या प्रश्नाचे जुने उत्तर लक्षणांचे होते. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेल्या अश्वशास्त्रात देवमण हा भोवरा शुभ, चारी पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा मंगल, डोळ्याखाली भोवरा असलेला आसूढाळ अशुभ, अशी विस्तृत मांडणी आढळते. हे सारे खुळचट म्हणून टाकून देणे आम्हांस रास्त वाटत नाही. त्याच शास्त्रात छाती, खूर, दात, चाल आणि स्वभाव ह्यांचेही बारीक निरीक्षण आहे, आणि ते अनुभवाचे आहे. दोष इतकाच की कालांतराने निरीक्षण मागे पडले आणि भोवरे पुढे आले. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्यास जो घोड्यांचा बाजार भरतो, तेथे आजही देवमणाची किंमत वेगळी मोजली जाते. परंतु भोवरा पाहून घोडा विकत घ्यावा. भोवरा पाहून शिंगरांचा बाप ठरवू नये. कारण भोवरा ओझे वाहत नाही आणि मजलही मारीत नाही.

मराठ्यांच्या घोडदळाने मात्र पोथीबाहेरची एक कसोटी लावली. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडीची घोडी अंगाने लहान, परंतु काटक म्हणून नावाजलेली होती. समुद्रमार्गाने कोकणच्या बंदरांत उतरणारे अरबी घोडे आणि दख्खनची मूळची तट्टे ह्यांच्या संकरातून ही जात घडली, असे सामान्यतः मानले जाते. पण बाहेरून रक्त आले एवढ्याने जात बनत नाही. दसऱ्यास शिलंगण करून फौज बाहेर पडे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत येई. ह्या सात-आठ महिन्यांत जे जनावर मिळेल त्या कडब्यावर राहिले, घाट चढले, खडकाळ रानात लंगडे न होता परत आले, तेच पुढच्या पिढीचे माय-बाप होण्यास उरले. शिलेदाराचे जनावर त्याच्या स्वतःच्या मालकीचे. ते मेले तर त्याची पोटगीच जाई. अशा माणसाला दिखाऊ घोडा परवडत नसतो. निवड करणारा आणि निवडीचे फळ भोगणारा एकच, ही ह्या पद्धतीची खरी शक्ती होती.

आता वऱ्हाडाकडे वळू. अमरावती-अकोल्याचा आणि घोड्यांचा काय संबंध, असे आमच्या वाचकांस वाटेल. हा काळ्या मातीचा, पऱ्हाटीचा आणि बैलाचा मुलूख. पावसाळ्यात येथे घोड्याचा पाय गुडघाभर रुततो. परंतु इतिहासाने वऱ्हाडाची गाठ घोड्याशी अशी घातली की तिचा विसर पडू नये. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा वेलस्लीने पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून जाऊन निजामाकडे गेले. पुढे १८५३ साली निजामाने इंग्रजांशी तह केला. हैदराबाद काँटिंजंट नावाच्या फौजेत निदान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडेस्वार आणि तोफखान्याच्या चार तुकड्या असाव्यात, आणि तिच्या खर्चासाठी वऱ्हाड व अन्य काही मुलूख इंग्रजांच्या हवाली करावा, असे ठरले. अन्य मुलूख १८६० मध्ये परत गेला, वऱ्हाड राहिले. एलिचपुराजवळ परतवाड्यास ह्या फौजेची छावणी होती. म्हणजे पुढील जवळजवळ पन्नास वर्षे वऱ्हाडच्या कुणब्याने भरलेल्या साऱ्यातून दोन हजार घोड्यांचा दाणा-वैरणीचा खर्च निघत होता. १९०२ साली वऱ्हाड पंचवीस लक्ष रुपये वार्षिक खंडाने कायमच्या पट्ट्याने घेण्यात आले आणि काँटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली. त्याच वंशातील डेक्कन हॉर्स ह्या रिसाल्याने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्सात सोमच्या रणात हायवुड येथे जो हल्ला चढविला, त्याचे वर्णन युद्धेतिहासात आदराने केले जाते. त्या रिसाल्याच्या पूर्वजांना कोणी पोसले, हे मात्र तेथे लिहिलेले नसते.

घोड्यांसाठी इतका पैसा देऊनही वऱ्हाडात अश्वपैदास रुजली नाही, ह्याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ ह्या काळात कापसाचा भाव भडकला. १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी वऱ्हाडातून नागपुरास पोहोचली, आणि १८७० मध्ये खामगावची शाखा लॉर्ड मेयोच्या हस्ते उघडली गेली. पडीत राने नांगराखाली गेली. जेथे गायरान उरत नाही तेथे शिंगरू धावावे कोठे? शिंगराची हाडे मोकळ्या रानातल्या धावण्याने बनतात. गोठ्यात बांधून आणि पेंड चारून नव्हे. वऱ्हाडने कापूस निवडला, आणि पोटाच्या दृष्टीने ती निवड त्या वेळी चुकीची म्हणता येत नाही.

परंतु जेथे रान होते तेथे तरी सरकारचे प्रयोग का फसले? येथे विल्यम मूरक्रॉफ्टची कथा उद्बोधक आहे. हा इंग्रज पशुवैद्य १८०८ साली बिहारातील पुसा येथील कंपनीच्या पैदासखान्याचा प्रमुख झाला. योग्य नर मिळाल्याखेरीज हिंदुस्थानात रिसाल्याचे घोडे निपजणार नाहीत, ह्या ध्यासाने तो १८१२ मध्ये तिबेटात मानससरोवरापर्यंत गेला, पुढे लडाख, काश्मीर, काबूल ह्या मार्गाने १८२५ साली बुखाऱ्यास पोहोचला. ज्या घोड्यांसाठी सहा वर्षे वणवण केली ते त्यास हवे तसे मिळाले नाहीत, आणि त्याच वर्षी परतीच्या वाटेवर तो वारला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने मोठे पैदासखाने मोडले आणि थरोब्रेड, नॉरफोक ट्रॉटर व अरबी जातीचे नर जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवून रयतेच्या घोडींस लावून देण्याची योजना आखली. तरीही सैन्याची गरज भागेना, आणि ऑस्ट्रेलियातून जहाजे भरभरून 'वेलर' घोडे येतच राहिले. मूरक्रॉफ्टपासून ह्या खात्यापर्यंत सर्वांची दृष्टी नराकडे लागली होती. तो नर ज्या घोडीस लावावयाचा तिची निवड, तिची वैरण आणि तिच्या धन्याचा नफातोटा ह्यांकडे पाहण्यास सवड थोड्यांनाच झाली.

येथे कोणी विचारील की, इंग्लंडातील थरोब्रेड ही जात तरी परदेशी नरांपासूनच निपजली ना? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर हेच आमच्या विषयाचे मर्म आहे. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन ह्या तीन पौर्वात्य घोड्यांपासून थरोब्रेडची पितृपरंपरा सांगतात. त्यांपैकी डार्ली अरेबियन १७०४ साली सीरियातील अलेप्पोहून इंग्लंडात आला. पण त्यांची संतती इंग्लंडच्याच घोडींपासून इंग्लंडच्याच कुरणांत वाढली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथल्याच मैदानावर कसास लावली गेली. १७९१ मध्ये वेदरबीने वंशावळींचे पुस्तक छापले तेव्हा तो त्या कसोटीचा हिशेब होता. रक्त बाहेरचे, कसोटी घरची: भीमथडीचेही सूत्र हेच होते. कंपनीने रक्त तेवढे आणले. कसोटी आणावयाची राहून गेली.

कसोटीशिवाय पारख किती फसते, ह्याची उदाहरणे शर्यतीच्या इतिहासात पदोपदी सापडतात. कॅनडातील नॉर्दर्न डान्सर हे शिंगरू १९६२ साली पंचवीस हजार डॉलर्सना विक्रीस होते. अंगाने खुजे म्हणून कोणीही घेतले नाही. त्याने १९६४ ची केंटकी डर्बी जिंकली आणि पुढे विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी जनक ठरला. उलट १९७३ साली अमेरिकेतील तिन्ही मानाच्या शर्यती जिंकणारा सेक्रेटेरियट हा देखणा आणि अतुल वेगाचा. परंतु त्याच्या मुलग्यांनी त्याचा वंश तितक्या तोलाने चालविला नाही. त्याचे तेज उतरले ते मुलींतून. स्टॉर्म कॅट आणि ए. पी. इंडी ह्या थोर जनकांच्या माता त्याच्याच कन्या होत. अरबस्तानातील बदाऊनी लोक घोड्याचे कुळ आईवरून सांगतात, ते उगीच नव्हे. 'खाण तशी माती' ही आपली म्हणही हेच सांगते.

महाराष्ट्रात थरोब्रेडची पैदास मुख्यतः पुण्याच्या परिसरात स्थिरावली. १८८३ पासून महालक्ष्मीचे मैदान मुंबईस आहे, १९४३ साली तेथे इंडियन डर्बी सुरू झाली, आणि १९४६ मध्ये पुण्यास पूनावाला घराण्याने आपली पैदासशाळा काढली. अशा प्रांतिक पैदासशाळांपुढचा पेच विशेष आहे. जगातील पहिल्या प्रतीचा नर त्यांच्या ऐपतीबाहेरचा असतो. आणि थरोब्रेडच्या नोंदणीत कृत्रिम रेतन मान्य नसल्यामुळे दूरच्या नराचे नुसते रेत मागविता येत नाही. जो नर आवारात उभा असेल त्याच्यावरच भिस्त. तेव्हा दोन मार्ग उरतात: मोठ्या बापाचा, पण स्वतः काहीच न केलेला मुलगा घ्यावा, किंवा ज्याचे पाय टणक मैदानावर टिकले आहेत आणि ज्याची ठेवण घरच्या घोडींची उणीव भरून काढते असा मध्यम कीर्तीचा घोडा घ्यावा. पहिल्या मार्गाने लिलावात भाव चढतो. दुसऱ्याने जात सुधारते. दोन्ही साधले तर उत्तमच. परंतु एकच साधावयाचे असेल तर आम्ही दुसरे घेऊ.

शेवटी एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. इंग्रजांनी आपल्या घोड्यांचे वंश बापाच्या नावाने ओळखले. आपल्या लोकांनी नदीच्या थडीवरून. भीमेच्या काठची ती भीमथडी. आणि आमच्या वऱ्हाडातही, अकोला, अमरावती व बुलढाणा ह्या जिल्ह्यांत पूर्णेच्या काठी जी भुरकट म्हैस शेकडो वर्षे सांभाळली गेली ती पूर्णाथडी. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२३ साली पूर्णाथडीस स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आणि त्यानंतर वर्षभराच्या आत भीमथडी घोड्यासही. जी जात संपली असे कित्येकांनी लिहून टाकले होते, ती धनगरांच्या वाड्यांबरोबर ओझी वाहत जिवंत राहिली. जेथे कसोटी टिकली तेथे जातही टिकली.

वऱ्हाडच्या शेतकऱ्यापुढे हाच प्रश्न आज घोड्याच्या नव्हे, गायी-म्हशींच्या रूपाने उभा आहे. कांडीत भरलेले दूरदेशच्या वळूचे रेत त्याच्या दारात येते. दुधाचा आकडा मोठा दिसतो. तो आकडा खोटा नाही, आणि बाहेरचे रक्त म्हणजे पाप नव्हे. परंतु अकोल्याच्या वैशाखात ती कालवड सावलीला धापा टाकीत उभी राहणार की चरणार, कोरड्या कडब्यावर तिचे किती दूध उरणार, आणि तिच्या गोऱ्ह्यास जू पेलणार का, हे त्या आकड्यात नसते. २०१४ साली न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा तळेगाव दशासरचा शंकरपट थांबला. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, आणि २०२३ साली घटनापीठाने ती कायम केली. पटावर प्रेम करणारे शेतकरी गोऱ्ह्याची पारख अजून जाणतात. जनावरांस इजा न होईल असे नियम पाळून ती पारख पैदाशीच्या कामी लावता आली तर पट ही नुसती करमणूक राहणार नाही.

पन्नास वर्षे वऱ्हाडने दुसऱ्याने निवडलेल्या घोड्यांचा खर्च भरला. निवड सरकारची, सारा कुणब्याचा, अशी ती वाटणी होती. वळू कोणाचाही असो. त्याची निवड ज्यांच्या गोठ्यात त्याची संतती वाढणार आहे त्यांच्या हाती असावी, आणि तिची परीक्षा पूर्णेच्या थडीवर व्हावी. यातली खरी गोम हीच आहे.