निषेधाच्या यादीतली भाजी

आषाढाची झड लागली की मानोरा तालुक्यातल्या वारुळांवर सात्या नावाची अळंबी निघते. विदर्भात कुठे त्यांना टेकोडेही म्हणतात. धुऊन, फाडून, मूठभर लसूण ठेचून तिखट-मिठावर परतल्या की ज्वारीच्या भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

पण लसूणच का? जाणती माणसं सांगतात, विषाची पारख म्हणून. पाकळी काळी पडली तर भाजी फेकायची. मला हे पटत नाही. जीवघेण्या छत्र्यांमधलं अमाटॉक्सिन लसणाचा रंग बदलत नाही, शिजवून मरतही नाही, तेव्हा या पारखीवर कुणी विसंबू नये. शिवाय पारखीला एक पाकळी पुरे, मूठ कशाला? ही जोडी बाहेरून आली म्हणावं, तर लोण्यात लसूण परतण्याची फ्रेंच रीत हॉटेलातल्या बटण मशरूमला लागू. वारुळावरच्या सात्यांना फ्रान्स कशाला हवा?

मला या जोडीचा धागा सापडला तो भलतीकडेच, मनुस्मृतीत. पाचव्या अध्यायाच्या पाचव्याच श्लोकात द्विजांना वर्ज्य म्हणून लसूण, गृंजन, कांदा आणि कवक एका दमात येतात. कवक म्हणजे आपली अळंबी. एकोणिसाव्या श्लोकात छत्राक आणि लसूण पुन्हा एकत्र, सोबत गावकोंबडाही! याज्ञवल्क्यस्मृतीतही हेच सोबती. मला तर ही रश्श्याच्या बाजाराची यादी वाटते. यादी करणाऱ्याच्या नाकात पलीकडच्या आळीतल्या फोडणीचा वास गेलाच असणार.

यादी म्हणजे पाककृती नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. कुणी म्हणेल, घाणीत उगवतात म्हणून या वस्तू वर्ज्य. पण अमेध्यातून, म्हणजे घाणीतून, उगवलेलं त्या पाचव्या श्लोकातच वेगळं सांगितलंय. मग नाव घेऊन वगळलेल्यांचं कारण निराळं असावं.

दुसरा पुरावा पंचांगाचा. कांदेनवमीला कांदा-लसूण संपवून चातुर्मास पाळणाऱ्या घरात लसूण येत नाही, आणि सात्या उगवतात त्याच महिन्यांत. मग ही जोडी जमली ती ज्यांना ना स्मृतीचा निषेध होता ना चातुर्मासाचा, त्यांच्याच चुलीवर: शेतमजुरांच्या, गुराख्यांच्या, आणि पोहरादेवीच्या या तालुक्यात बंजारा तांड्यांवरच्याही.

ही जोडी पावसाळ्यापुरतीच, कारण सात्या शेतात लावता येत नाहीत. वाळवी वारुळात बुरशी पोसते आणि पावसात तिच्याच छत्र्या वर येतात. धिंगरी अळंबीचं मात्र तसं नाही. ती सोयाबीनच्या कुटारावर हिवाळ्यातही घेता येते, म्हणजे कार्तिकी एकादशी उलटल्यावर चातुर्मास पाळणाऱ्यांच्या कढईतही लसणाबरोबर पडू शकते.