वीणा मजुमदार आणि एक भिन्नमतपत्रिका

भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारने १९७१ साली समिती नेमली. अध्यक्षा होत्या फुलरेणु गुहा. पुढे सदस्य-सचिव म्हणून आल्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका वीणा मजुमदार.

मजुमदार यांची पिढी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर वाढलेली. संविधानाने मताधिकार आणि समतेची हमी दिली म्हणजे प्रश्न मिटला, असा तिचा विश्वास. संविधान सभेत रेणुका राय यांनी स्त्रियांच्या राखीव जागांना विरोध केला होता, तोही याच स्वाभिमानातून.

समितीपुढचे वास्तव मात्र निराळे होते. मतदान करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढत होते. निवडून येणाऱ्यांचे नव्हे. पक्ष उमेदवारीच देत नव्हते. तरीही बहुसंख्य सदस्यांनी विधिमंडळांतील राखीव जागा नाकारल्या. स्त्रिया म्हणजे एखादा वेगळा अल्पसंख्य समाज नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद (आणि तो अगदीच पोकळ नव्हता). ग्रामपातळीवर स्त्रियांच्या वैधानिक पंचायती असाव्यात, इतपतच त्या गेल्या.

मजुमदार आणि कायद्याच्या प्राध्यापिका लोतिका सरकार यांनी राखीव जागांच्या बाजूने भिन्नमत नोंदवले. ज्या श्रद्धेवर आपण वाढलो ती पुराव्यापुढे टिकत नाही, हे सरकारी अहवालात लिहून देणे सोपे नव्हते.

‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा अहवाल १९७४च्या अखेरीस पूर्ण झाला. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये पंचायतींत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा मिळाल्या. मजुमदार २०१३ साली निवर्तल्या. लोकसभा आणि विधानसभांसाठीची १०६वी घटनादुरुस्ती त्यानंतर दहा वर्षांनी संमत झाली, तीही जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेची अट घालून.