जुनेर

वऱ्हाडातल्या घरात फाटलेल्या लुगड्याचे वाटेकरी आधीच ठरलेले असत. धडका भाग वाकळेला, मऊ भाग बाळाच्या दुपट्याला आणि उरलंसुरलं जुनेर बाईच्या ‘अडचणी’ला. ते धुवायचं उजाडायच्या आत आणि वाळत घालायचं गोठ्याच्या कोपऱ्यात, वरून पोलकं टाकून. ज्या कापडाला उन्हाची सर्वांत जास्त गरज, तेच उन्हापासून लपवायचं! पोरगी बाहेर बसली की ‘कावळा शिवला’ म्हणून मोकळं व्हायचं.

विटाळ जुनाच. कापडाची चणचण मात्र तितकी जुनी नाही.

वऱ्हाडातलाच आजचा वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा निघाला. त्याआधीपासून हा मुलूख कापसाचा. यवतमाळ-मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ गाडी इथल्या कारंज्यावरून धावायची, तो रूळमार्ग टाकला गेला कापसासाठीच. लुगडं सुती होतं, विरलं की पाणी शोषायचं. पुढे नायलॉन आणि टेरिलीनची पातळं आली. झटकन वाळणारी, टिकणारी, इस्त्री न मागणारी. बायकांनी ती हौसेने नेसली, त्यात चूक काहीच नव्हती. पण नायलॉनचं जुनेर होत नाही. ते शोषत नाही, उलट मांड्या सोलून काढतं. शेतातही कापसाच्या जागी सोयाबीन पसरलं. जे घरात फुकट मिळायचं, ते आता दुकानातून आणायचं होतं. तेही कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत.

सरकारला हे उमगायला वेळ लागला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा टिकली-बांगड्यांना करमाफी होती आणि सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर. तो वर्षभराने, जुलै २०१८ मध्ये उठला. त्याआधी ८ मार्च २०१८ रोजी राज्याची अस्मिता योजना सुरू झाली: जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना ८ पॅडचं पाकीट ५ रुपयांत, विक्री बचत गटांच्या बायकांकडून. योजना आणणाऱ्या तेव्हाच्या ग्रामविकास मंत्री पंकजा मुंडे यांनीच २०१५ मध्ये वाशीम जिल्ह्यातल्या सायखेड्याच्या एका बाईचा सत्कार केला होता. तिने मंगळसूत्र विकून घरी शौचालय बांधलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच गाठीच्या: पाकीट मिळालं तरी ते बदलायला कडी लागणारं दार हवंच.

विद्यार्थी मात्र गावात पोहोचले होते ते अस्मिता योजनेच्या कितीतरी आधी. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत आणि ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर, सकाळी श्रमदान, संध्याकाळी प्रबोधन. शोषखड्डे खणले गेले, झाडं लागली, व्यसनमुक्तीची पथनाट्यं झाली. पाळीवर बोलायला मात्र बराच काळ जावा लागला. हा विषय निघाला तरी आधी मुलगे खोलीबाहेर काढले जात.

पुण्याच्या ‘समाजबंध’ने ही रीत मोडली. जुने सुती कपडे गोळा करायचे, त्यांचे धुऊन पुन्हा वापरता येणारे कापडी पॅड शिवायचे आणि आदिवासी पाड्यांवर जाऊन बायकांशी बोलायचं, असं हे काम. त्यात कॉलेजचे मुलगेही असतात. पन्नास वर्षांपूर्वी घरातून गेलेलं जुनेर असं दुसऱ्यांच्या कपाटांतून परत येतं आहे. चादरी, टी-शर्ट, कुर्ते. त्यातलं सुती कोणतं, हे ओळखायला साधी खूण पुरते: वर पाण्याचा थेंब सोडायचा. सुतीवर तो जिरतो, नायलॉनवरून ओघळून जातो.