२०३५ चा आकडा आणि हेरगिरीचे फोटो

'२०३५ पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या संपणार' ही बातमी मीही छापली होती. चार कॉलम, ठळक मथळा. आधार आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालाचा. शंका कोण घेणार?

शंका घेतली भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांनी, २००९ मध्ये. आयपीसीसीचे अध्यक्ष पचौरी यांनी ती उडवून लावली. आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीनेच चूक कबूल केली. तो आकडा मुळात १९९९ च्या एका नियतकालिकातल्या बातमीतून फिरत फिरत आलेला. म्हणजे आमच्याच धंद्यातून!

मग चहाच्या टपरीवर एकच सूर, "बघा, सगळं थोतांड." हे तर त्याहून चुकीचं.

कारण खरा पुरावा भलतीकडेच पडून होता. शीतयुद्धात अमेरिकेचे 'हेक्सागॉन' हेर-उपग्रह फिल्मवर फोटो काढायचे. फिल्म पॅराशूटने खाली सोडायची आणि विमानाने ती हवेतच झेलायची, अशी पद्धत. पुढे हे फोटो खुले झाले. संशोधकांनी त्यावरून १९७५ च्या सुमाराची बर्फाची उंची काढली, नंतरच्या उपग्रहांच्या मोजणीशी ताडून पाहिली. २०१९ मध्ये सुमारे ६५० हिमनद्यांचा हिशेब आला. २००० पर्यंत दरवर्षी सरासरी पाव मीटर बर्फ जात होता, त्यानंतर जवळपास अर्धा मीटर. वेग दुप्पट.

२०१० चा खुलासा आम्ही छापला, आतल्या पानावर. २०१९ ची बातमी मात्र छापलीच नाही. हिमनदीचं नाव काढलं की तोवर डेस्कवर सगळे हसायचे. मीसुद्धा.