घास, खाऊ आणि फराळ

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि जुन्या राज्याची नागपूरची राजधानी जाऊन भोपाळला आली. सरकारी नोकरीनिमित्त नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची कितीतरी मराठी कुटुंबे इथे स्थायिक झाली. सामानाबरोबर खाण्याचे शब्दही आले, आणि शेजारच्या हिंदीशी त्यांची गंमत सुरू झाली.

आपण बाळाला 'घास' भरवतो. शेजारणीला वाटते, गवत! आपला घास संस्कृत 'ग्रास'पासून आला, तिचा 'घास' म्हणजे चारा, तोही संस्कृतच. 'खाऊ'चे तर विचारूच नका. आपल्याकडे पाहुणा मुलांच्या हातावर खाऊ ठेवतो. हिंदीत खाऊ म्हणजे खादाड, नाहीतर लाच खाणारा. या शब्दातले कौतुक हिंदीत सांगायला अजून आम्हाला जमलेले नाही.

पण खरी मौज 'फराळा'ची. मूळ शब्द फलाहार, म्हणजे उपवासाला फळे खाणे. हिंदीत तो अर्थ टिकला. म्हणून दिवाळीत "फराळाला या" म्हटले की शेजारी विचारतात, आज कसला उपवास? आणि समोर येतात चकल्या, करंज्या! आपल्या फराळाने साबुदाण्याची खिचडीही सोडली नाही आणि चिवडाही. सकाळी पोहे-जिलेबीवर ताव मारताना आपण म्हणतो तो 'नाश्ता' फारसी. मूळ अर्थ, सकाळपासून काही न खाल्लेला. आपली 'न्याहारी'ही फारसी 'नहार'वरून आलेली, तिचाही अर्थ उपाशीपोटीच. इंग्रजीत 'ब्रेकफास्ट' म्हणजे उपास मोडणे. म्हणजे एवढ्या भाषांना तोंडात काही टाकताना आधी रिकामे पोट आठवले. इंग्रजी 'स्नॅक' मात्र वेगळ्या वळणाचा: मूळ अर्थ, कुत्र्याने झटकन घेतलेला चावा. चिवड्याला स्नॅक म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे!

नमकीन, नाश्ता हे शब्द आपल्या घरात सहज रुळले, त्याबद्दल तक्रार नाही. न्याहारीही कधी काळी अशीच आली होती. काळजी वाटते ती आपल्याकडून गळून चाललेल्या शब्दांची. आरतीनंतर मुले 'प्रसाद' मागतात. 'खिरापत' म्हटले की आमच्या तोंडाकडे पाहतात. म्हणून यंदा मांडवातल्या फळ्यावर रोजच्या वाटपाची यादी 'आजची खिरापत' याच मथळ्याखाली लिहायची असे आम्ही ठरवले आहे. अर्थ विचारणाऱ्या मुलाला पहिला मोदक.