चित्रांत लिहिलेला कुलवृत्तांत

गेल्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची एक लाटच आली होती. घराण्याचा मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून निघाला, त्याच्या शाखा कोठे कोठे पसरल्या, हे जुन्या बाडांतून, सनदांतून व क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांतून हुडकून काढावयाचे आणि वंशवृक्षासह ग्रंथरूपाने आप्तेष्टांच्या हाती द्यावयाचे, असा तो उद्योग होता. ज्यांच्या माळ्यावर बाडे होती, ज्यांच्या पेटीत सनदा होत्या, त्यांना तो साधला. परंतु ज्यांच्यापाशी ना बाड, ना सनद, ना उपाध्याची वही, अशा लोकांनी आपली ओळख कोठे साठविली असेल? या प्रश्नाचे एक विलक्षण उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, आपलीच भाषा बोलणाऱ्या एका लहानशा समाजाने दिलेले आहे. तो समाज म्हणजे कोकणातील यहुदी, अर्थात बेने इस्राएल.

अलिबागच्या उत्तरेस समुद्रकाठी नवगाव म्हणून एक खेडे आहे. फार प्राचीन काळी तेथे एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे जिवंत किनाऱ्यास लागली आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी परंपरा आहे. लाटांनी बाहेर टाकलेली प्रेते जेथे पुरली, ती जागा आजही दाखवितात. गलबताबरोबर धर्मग्रंथही बुडाले. उरले काय, तर मुलांची सुंता, शनिवारचा विसावा, ‘शमा’ या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द आणि खाण्यापिण्याचे काही निर्बंध. या लोकांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. ज्या गावी राहिले त्या गावाचे नाव त्यांनी लावले, आणि केहिमकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर अशी आडनावे रूढ झाली. लातूर-नांदेडकडे उदगीरकर, औसेकर, कंधारकर म्हणून वावरणाऱ्या गृहस्थांस यात काहीच परके वाटणार नाही. आपल्या सणांची हिब्रू नावेही ते विसरले होते. वर्षारंभाच्या सणास ते ‘नव्याचा सण’ म्हणत, आणि प्रायश्चित्ताच्या उपवासाला ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसावयाचे.

पुढे दावीद राहाबी नावाचा एक यहुदी विद्वान कोकणात आला. हे लोक खरोखर यहुदी आहेत की काय, याची परीक्षा त्याने कशी घेतली, याची एक मोठी मार्मिक कथा सांगतात. त्याने निरनिराळ्या जातींची मासळी एकत्र करून बायकांपुढे ठेविली व रांधावयास सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी निवडून घेतली आणि बाकीची बाजूस सारली. मूसाच्या नियमशास्त्रात नेमके हेच सांगितलेले आहे. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, समाजाने ती जपली हे महत्त्वाचे. पुरुषांचे ग्रंथ बुडाले, तरी स्त्रियांचा हात विसरला नाही, असे हा समाज स्वतःविषयी सांगत आला आहे.

तो हात प्रथम कागदावर उमटला पुण्यास. वल्हांडण सणाच्या रात्री यहुदी घरांतून ‘हगादा’ वाचतात. तीत मिसर देशाच्या गुलामगिरीतून इस्राएल लोक कसे सुटले, ती हकीकत असते. हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर अशी पहिली हगादा मुंबईस १८४६ साली शिळाछापावर निघाली. त्यानंतर १८७४ साली पुण्यात दुसरी निघाली, आणि तीत चित्रे घातली. युरोपातही सचित्र हगादा होत्याच. आम्स्टरडॅम येथे १६९५ साली छापलेल्या हगादेतील चित्रांच्या नकला तर पुढे देशोदेशी होत राहिल्या. पुण्याच्या चित्रकाराने मात्र बेखमीर भाकर करणाऱ्या ज्या स्त्रिया काढल्या, त्या लुगडे नेसलेल्या काढल्या. कोणत्याही मराठी घराच्या स्वयंपाकघरात दिसावे असेच ते दृश्य आहे. फरक इतकाच की, त्या भाकरीमागे अडीच-तीन सहस्र मैलांवरील एका देशाची आठवण आहे. ‘आम्ही तेव्हा तेथे होतो आणि आता येथे आहो’ एवढा मजकूर त्या एका पानात येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते बेने इस्राएलांच्या कुलवृत्तांताचे पहिले पान हेच होय. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी समाजाचा विस्तृत इतिहास लिहिला तो १८९७ साली, आणि तो छापून निघावयास १९३७ साल उजाडावे लागले, तेही तेल अवीव येथे.

आता येथे एक अडचण आहे, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. दहा आज्ञांपैकी एक आज्ञा मूर्ती व प्रतिमा करून त्यांना भजण्याचा निषेध करते. ज्या समाजाच्या चारही बाजूंस देवळे आणि देव्हारे, त्या समाजाने तर या बाबतीत अधिकच सावध राहावे, हे स्वाभाविक होते. तरीही बेने इस्राएलांच्या घरोघरी एक चौकट भिंतीवर दिसतेच. तीत अग्नीच्या रथातून स्वर्गास जाणारा संदेष्टा एलियाहू असतो. या एलियाहू हन्नाबीवर समाजाची अलोट भक्ती. नवस फेडताना, लग्नकार्यात, नव्या घरी जाताना पोहे, खोबरे, साखर व फळे यांचा ‘मलिदा’ मांडून त्याच्या नावाने प्रार्थना म्हणतात. अलिबागजवळील खंडाळे गावी (घाटावरचे खंडाळे नव्हे) त्याच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे, असे सांगतात. पंढरीच्या विठोबाची किंवा गाणगापूरच्या दत्ताची तसबीर ज्या खिळ्यावर आपण टांगतो, त्याच खिळ्यावर त्यांनी आपला एलियाहू टांगला. ते चित्राची पूजा करीत नाहीत. पण घरात चित्र असावे ही सवय त्यांनी या भूमीपासून घेतली, यात शंका वाटत नाही.

या पार्श्वभूमीवर सियोना बेंजामिन यांची चित्रे पाहिली पाहिजेत. त्यांचा जन्म १९६० साली मुंबईस एका बेने इस्राएल कुटुंबात झाला. शिक्षण ख्रिस्ती व पारशी शाळांतून झाले आणि आजूबाजूस हिंदू व मुसलमान शेजार होता. पुढे सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत चित्रकला शिकून १९८६ साली त्या अमेरिकेस गेल्या आणि न्यू जर्सीत स्थायिक झाल्या. तेथे त्यांना एकच प्रश्न वारंवार ऐकावा लागला. तुम्ही हिंदुस्थानी, मग यहुदी कशा? या प्रश्नाचे उत्तर तोंडाने देऊन थकावे, असाच तो आहे. त्यांनी ते रंगाने दिले. त्यांच्या चित्रांतील स्त्रिया निळ्या आहेत. निळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कृष्ण येतो, आणि तो त्यांच्याही मनात होता. परंतु निळा हा आकाशाचा व समुद्राचाही रंग आहे, आणि त्यावर कोणत्याच देशाची मालकी नाही. गौरवर्णीयांच्या जगात ‘रंगाने वेगळी यहुदी स्त्री’ म्हणून वावरताना आलेला परकेपणा त्यांनी या एका वर्णात बांधून टाकला.

‘घराचा शोध’ या अर्थाच्या नावाची त्यांची एक दीर्घ चित्रमालिका आहे. ही चित्रे पाणरंगाच्याच जातीच्या दाट, अपारदर्शक रंगांत, मोगल व राजस्थानी लघुचित्रांच्या वळणाने काढलेली असून अधूनमधून सोन्याचा वर्ख लाविलेला असतो. एका चित्रात निळ्या स्त्रीला अनेक हात आहेत, आणि ते देवीच्या हातांसारखे दिसता दिसता यहुदी मंदिरातील सप्तशाखी दीपवृक्षाच्या फांद्या होतात. जग दुरुस्त करणे, असा त्या चित्राच्या हिब्रू नावाचा अर्थ आहे. कर्मठ यहुदी याला मूर्तिपूजेची छाया म्हणेल, आणि एखादा हिंदू वाचक देवीची उसनवारी म्हणेल. दोघांनीही थोडे थांबून पाहावे. हात कोणाचे आणि ज्योती कोणाच्या, हे त्या चित्रात वेगळे काढता येत नाही; आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशशास्त्रीय संशोधनातही या समाजाच्या रक्तात पश्चिम आशियातील यहुदी आणि हिंदी असे दोन्ही धागे भरपूर आढळले. ‘फेरेश्ते’ म्हणजे देवदूत या नावाच्या चित्रांत बायबलातील स्त्रिया येतात. एकीत सारा आणि हागार या दोघी सवती एकमेकींच्या मिठीत आहेत. एकीच्या पोटी यहुद्यांचा पूर्वज, दुसरीच्या पोटी अरबांचा. या मिठीतील वेदना बोलकी आहे. उलट, अमेरिकी जाहिरातींच्या व चित्रकथांच्या थाटाची काही चित्रे मला तितकी भिडली नाहीत. तेथे युक्ती आधी दिसते आणि भाव मागाहून.

माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोलाचे काम निराळेच आहे. २०१०-११ साली फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन त्या हिंदुस्थानात परतल्या आणि येथे उरलेल्या यहुद्यांना भेटत हिंडल्या. त्यांच्याशी बोलल्या, त्यांची छायाचित्रे घेतली, आणि मग त्या मुखांभोवती, वस्त्रांवर, पार्श्वभूमीवर रंगांनी व वर्खाने त्यांच्या आठवणी, चिन्हे व वेलबुट्टी भरली. ही चित्रे पुढे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडली गेली. छायाचित्र म्हणते, हा मनुष्य असा दिसतो. भोवतीचा रंग म्हणतो, हा मनुष्य असा का दिसतो. एकात दाखला, दुसऱ्यात कथा, अशी ही वाटणी असल्याने ही चित्रे कुलवृत्तांतास अगदी जवळची वाटतात. स्वातंत्र्याच्या सुमारास हा समाज २०,०००च्या आसपास होता. आज भारतात काही हजारच उरले आहेत. नवगाव, रेवदंडा, पेण येथील घरे बहुतेक रिकामी झाली. त्यांची प्रार्थनामंदिरे, ज्यांना ते स्वतः ‘मशीद’ म्हणत आले, त्यांतील काहींत प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमणे कठीण जाते. अशा वेळी चेहरे टिपून ठेवण्याची ही घाई समजण्यासारखी आहे.

आणि गेलेल्यांचे काय? इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांना तेथे नवीच अग्निपरीक्षा द्यावी लागली. विवाहापूर्वी तुमची वंशशुद्धी सिद्ध करा, असा दंडक १९६२ साली तेथील धर्मपीठाने घातला. ज्यांचे ग्रंथ समुद्रात बुडाले, त्यांनी कागद कोठून आणावयाचा? त्यांनी मोठे आंदोलन केले, आणि १९६४ साली त्यांचे पूर्ण यहुदीपण मान्य झाले. येथे कोकणात मासळी निवडणाऱ्या हातांनी जे सिद्ध केले होते, ते तेथे मोर्चाने सिद्ध करावे लागले, ही या इतिहासातील बोचणारी गोष्ट आहे. मराठवाड्यातील वाचकास तिची बोच अधिक जाणवेल. गुरू गोविंदसिंगांचे नांदेडास १७०८ साली निर्वाण झाले, आणि त्यांच्या मागे येथे राहिलेली शीख घराणी पिढ्यान्‌पिढ्या दख्खनची होऊन गेली. त्यांना ‘तुम्ही खरे शीख की खरे दख्खनी’ असे विचारणे जितके अप्रयोजक, तितकाच तो दंडक होता.

दुसऱ्या खेपेस, २०१६-१७ साली, सियोना बेंजामिन इस्राएलात गेल्या आणि तेथील हिंदी यहुद्यांची मुखे त्याच पद्धतीने रंगविली. अश्दोद, लोद, बीरशेबा, दिमोना या गावांतून हे लोक राहतात. तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले, मलिदा अजून मांडला जातो आणि लग्नाच्या आदल्या रात्री नवरीच्या हातावर मेंदी काढतात. नवी पिढी हिब्रू बोलते. नातवाला आजीची भाषा समजत नाही, पण भिंतीवरचा एलियाहूचा रथ त्याला ओळखता येतो.