ह्राचिया अचार्यान

ह्राचिया अचार्यान (मार्च, इ.स. १८७६ – १६ एप्रिल, इ.स. १९५३) हे आर्मेनियन भाषाशास्त्रज्ञ, कोशकार आणि भाषेतिहासकार होते. आर्मेनियन भाषेचा व्युत्पत्तिकोश, बोलींचे वर्गीकरण आणि व्यक्तिनामांचा पंचखंडात्मक कोश ही त्यांची प्रमुख कामे होत. आधुनिक आर्मेनियन भाषाशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

अचार्यान हे आडनाव वाचताच मराठी वाचकाला 'आचार्य' हा शब्द आठवणे स्वाभाविक आहे. तथापि हे ध्वनिसाम्य केवळ योगायोगाचे आहे. नावाच्या शेवटचा 'यान' हा आर्मेनियन आडनावांत सर्वत्र आढळणारा वंशदर्शक प्रत्यय आहे. असे साम्य म्हणजे नाते नव्हे, हे दाखवून देण्यातच या विद्वानाचे आयुष्य खर्ची पडले, म्हणून हा खुलासा आरंभीच केलेला बरा.

जन्म आणि शिक्षण

अचार्यान यांचा जन्म ऑटोमन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) येथील एका आर्मेनियन कुटुंबात झाला. वडील चर्मकाम करून पादत्राणे बनवीत. लहानपणीच ह्राचिया यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. शहरातील आर्मेनियन शाळांत शिकत असताना त्यांनी तुर्की, फारसी व फ्रेंच या भाषा आत्मसात केल्या आणि काही काळ अध्यापन केल्यानंतर १८९५ साली ते पॅरिसला गेले.

पॅरिसमध्ये त्यांना आंत्वान मेये हे गुरू लाभले. त्यानंतर स्ट्रासबुर्ग येथे त्यांनी हाइनरिश ह्युब्शमान यांच्याजवळ अध्ययन केले. हे दोन्ही गुरू आर्मेनियनच्या अभ्यासात अग्रगण्य होते. आर्मेनियनमध्ये इराणी शब्दांचा भरणा इतका मोठा आहे, की तिला इराणी भाषाच मानण्याचा प्रघात होता. हे उसने शब्द बाजूला काढल्यास उरणारी भाषा ही इंडो-युरोपीय कुळाची एक स्वतंत्र शाखा आहे, असे ह्युब्शमान यांनी १८७५ साली सिद्ध केले. मेये यांचे नाव मराठीच्या अभ्यासकांनाही परके नाही. मराठी भाषेच्या जडणघडणीवर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिणारे झ्यूल ब्लॉक हे त्यांचेच शिष्य. त्या अर्थाने अचार्यान आणि ब्लॉक हे गुरुबंधू ठरतात.

विद्यार्थिदशेतच अचार्यान यांनी काळ्या समुद्राच्या काठच्या लाझ भाषेवर एक अभ्यासलेख लिहिला. तो १८९९ मध्ये पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अध्यापन आणि बोलींचा अभ्यास

युरोपातून परतल्यावर अचार्यान यांनी प्रथम एजमियात्सिन येथील गेवोर्गियान धर्मविद्यालयात अध्यापन केले. पुढे सुमारे दोन दशके त्यांनी शुशी, नोर बायाझेत, तब्रीझ, तेहरान अशा गावोगावच्या आर्मेनियन शाळांत शिक्षक म्हणून काढली. ज्या गावी नोकरी मिळे तेथील बोली टिपून घ्यायची आणि तेथील हस्तलिखितांची सूची करायची, असा त्यांचा परिपाठ होता. तब्रीझ, नोर बायाझेत व तेहरान येथील हस्तलिखितांच्या त्यांनी केलेल्या सूची प्रसिद्ध आहेत.

या भ्रमंतीतून १९०९ साली पॅरिसमध्ये आर्मेनियन बोलींच्या वर्गीकरणावरील त्यांचा फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध झाला. बोलींचे गट पाडण्यासाठी त्यांनी एकच व्याकरणिक खूण निवडली, ती म्हणजे वर्तमानकाळ कसा साधला जातो ही. काही बोलींत क्रियापदाच्या शेवटी 'ऊम' येतो, काहींत आरंभी 'क' येतो, तर काहींत शेवटी 'एल' येतो. यावरून त्यांनी तीन शाखा कल्पिल्या. आपल्याकडे 'करतो आहे' आणि 'करून राहिलो' यांवरून वऱ्हाडी बोलणारा लगेच ओळखू येतो, तसाच हा प्रकार आहे. पुढील संशोधकांनी या वर्गीकरणात अनेक दुरुस्त्या केल्या, तरी त्याची मांडणी अद्याप आधारभूत मानली जाते. १९१३ मध्ये तिफ्लिस येथून त्यांचा प्रादेशिक शब्दांचा कोश निघाला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये, ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियनांचा वंशसंहार सुरू झाला. अनातोलियातील गावेच्या गावे रिकामी झाली. जे वाचले ते देशोदेशी पांगले आणि अनेक बोलींना त्यांची भूमी उरली नाही. त्यामुळे संहारापूर्वी केलेल्या अचार्यान यांच्या नोंदींचे मोल वेगळेच झाले. नोंदी करताना त्यांना याची कल्पना असणे शक्य नव्हते.

व्युत्पत्तिकोश

१९२३ साली अचार्यान सोव्हिएत आर्मेनियात स्थायिक झाले आणि येरेवान विद्यापीठात अध्यापन करू लागले. त्यांचा 'हायेरेन अर्माताकान बारारान' म्हणजे आर्मेनियन मूळ शब्दांचा कोश १९२६ ते १९३५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात ग्रीक, अरबी, जॉर्जियन अशा अनेक लिपींतील शब्द पानोपानी येतात. ही पहिली आवृत्ती खिळे जुळवून छापलेली नव्हती, तर हाताने लिहिलेल्या पानांच्या प्रती काढून तयार केली होती.

कोशातील नोंदीची रचना पाहण्यासारखी आहे. प्रथम शब्दाचा अर्थ, मग प्राचीन वाङ्मयातील त्याचे दाखले, साधित शब्द आणि व्युत्पत्ती. त्यानंतर त्या शब्दाविषयी पूर्वीच्या विद्वानांनी केलेले सर्व तर्क येतात, चुकीचे आणि हास्यास्पद तर्कही वगळलेले नाहीत. शेवटी निरनिराळ्या बोलींतील रूपे आणि आर्मेनियनमधून इतर भाषांत गेलेले शब्द. पूर्वसूरींच्या चुका टाकून न देता नावानिशी जपण्याची ही पद्धत इतर व्युत्पत्तिकोशांत क्वचितच दिसते. कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' (१९४६) हाताळलेल्यांना या कामाच्या कष्टांची कल्पना येईल.

अशा कोशाची गरज काय, हे दोन उदाहरणांवरून कळते. आर्मेनियनमध्ये 'हजार' या संख्येला 'हाझार' म्हणतात. मराठी शब्दाशी ते तंतोतंत जुळते. पण त्याचे कारण एवढेच, की दोन्ही भाषांनी तो वेगवेगळ्या काळी इराणी भाषांतून उचलला. उलट, दोन या अर्थाचा आर्मेनियन शब्द 'येर्कू' हा 'दोन' किंवा संस्कृत 'द्वौ' यांच्या जवळपासही वाटत नाही. तरीही हे शब्द एकाच मुळातून निघाले आहेत, असे मेये यांनी ध्वनिपरिवर्तनाच्या नियमाने दाखवून दिले आणि बहुतेक अभ्यासकांनी ते स्वीकारले आहे.

अटक आणि उत्तरायुष्य

स्तालिनच्या काळातील दडपशाहीतून अचार्यान सुटले नाहीत. १९३७ साली परकीय हेरगिरीच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. परदेशांतील विद्यापीठांत शिकलेला आणि अनेक भाषा जाणणारा माणूस त्या वर्षांत सहजच संशयाला पात्र ठरे. आरोप टिकला नाही व १९३९ च्या अखेरीस त्यांची सुटका झाली. तेव्हा त्यांचे वय त्रेसष्ट होते.

सुटकेनंतरच्या चौदा वर्षांतील त्यांचे काम थक्क करणारे आहे. आर्मेनियन भाषेच्या इतिहासाचे दोन भाग १९४० व १९५१ मध्ये आले. व्यक्तिनामांचा कोश १९४२ पासून निघू लागला. त्यात केवळ नावांचे अर्थ नाहीत, तर प्रत्येक नाव धारण केलेल्या ऐतिहासिक व्यक्तींच्या कालानुक्रमे नोंदी आहेत. त्यामुळे तो इतिहाससंशोधकांनाही उपयोगी पडतो. १९४३ मध्ये आर्मेनियाच्या विज्ञान अकादमीची स्थापना झाली, तेव्हा ते तिचे सदस्य झाले. ५६२ भाषांशी तुलना करून लिहिलेले आर्मेनियन भाषेचे संपूर्ण व्याकरण १९५२ पासून प्रसिद्ध होऊ लागले. पुढच्याच वर्षी येरेवान येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचे बरेचसे लेखन मरणोत्तर छापले गेले. व्यक्तिनामकोशाचा पाचवा खंड १९६२ मध्ये व आत्मचरित्रपर आठवणी १९६७ मध्ये निघाल्या. व्युत्पत्तिकोशाची दुसरी आवृत्ती १९७१ ते १९७९ या काळात चार खंडांत प्रसिद्ध झाली. आर्मेनियाच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या भाषाशास्त्र संस्थेला अचार्यान यांचे नाव देण्यात आले आहे.